यीस्टची चुलत बहीण

माणसाला खाज कुठे सुटावी याला काही ताळतंत्र असतं, तर नखवाल्या साहेबांवर ही पाळी आली नसती. डोक्याला सुटली तर माणूस विचार करतोय असं लोकांना वाटतं. पाठीला सुटली तर तो दाराच्या चौकटीला पाठ घासून घेतो आणि घरातली माणसं फार तर रंग जाईल म्हणून ओरडतात. साहेबांना खाज सुटली ती अशा ठिकाणी, ज्याचं नाव इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोसमोरही कधी उच्चारलं नव्हतं. आणि सुटली कधी, तर सकाळच्या पाळीला, सगळे कामगार रांगेत हात पुढे करून उभे असताना, ऐन नखं तपासण्याच्या वेळी.

नखांचं आधी सांगायला हवं. साहेब पावाच्या कारखान्यात पीठ मळण्याच्या विभागाचे प्रमुख होते. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते हातात छोटी टॉर्च घेऊन एकेकाची नखं बघत. नखाखाली तीळभर काळं दिसलं, की तो माणूस परत नळावर. म्हणून त्यांना नखवाले साहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. साहेबांना ते ठाऊक होतं आणि आतून ते आवडतही होतं. विभागाच्या दारावर त्यांनी स्वतः रचलेली सूचना लाल रंगात रंगवून घेतली होती: 'अंगावर पुरळ, गळू, जखम, बुरशी काहीही असल्यास लाजू नका, सांगा. लपवणारा हा पावाचा शत्रू आहे.' दुसऱ्या वाक्यावर त्यांचा विशेष जीव होता.

तर त्या सकाळी साहेब रांगेच्या मध्यावर आले आणि ती सुटली. साधीसुधी नव्हे. जणू आत कुणीतरी बारीक वाळू टाकून चोळतंय. हात खाली जाऊ नये म्हणून त्यांनी टॉर्च दोन्ही हातांनी घट्ट धरली. समोरच्या मिक्सरवाल्याची नखं ते इतका वेळ बघत राहिले की तो बिचारा घाबरला.

"साहेब, घाण आहे का?"

"नाही. चांगली आहेत. फारच चांगली आहेत," साहेब म्हणाले आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर आले.

हा मिक्सरवाला म्हणजे पीठ मळायच्या मोठ्या यंत्रावरचा माणूस. कामात चोख, बोलायला कमी. महिनाअखेरीस तो नोकरीत कायम होणार होता, आणि ती शिफारस खुद्द साहेबांनीच केली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे साहेबांना ते विसरायचं होतं आणि जमलं नाही.

साहेबांचा स्वच्छतेवर जितका विश्वास होता तितका कशावरच नव्हता. खाज म्हणजे घाण आणि घाण म्हणजे साबण, इतकं सरळ त्यांचं शास्त्र. घरी येऊन त्यांनी स्वतःला असं धुतलं, की एखादं भांडं असतं तर त्याची कल्हई गेली असती. खाज वाढली. मग त्यांनी फरशीला वापरायचं नाही, पण जखमेला चालतं, असं जंतुनाशक आणलं. बाटलीवर 'पाण्यात मिसळून वापरा' असं छापलं होतं. पाणी मिसळणं साहेबांना माघार घेतल्यासारखं वाटलं. पुढचा प्रसंग बंद न्हाणीघरात घडला, तेव्हा त्याचं वर्णन करायला कुणी साक्षीदार नाही. बाहेर आले ते भिंतीला धरून, दोन पायांत उशी असल्यासारखे चालत.

"अहो, काय झालं?" बायकोनं विचारलं.

"कंबर धरली."

कंबर म्हटल्यावर ती माउली गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. 'नको' म्हणायला कारण सुचेना. साहेब त्या पिशवीवर आडवे झाले. ऊब खाली पसरत गेली आणि खाजेला जणू माहेर मिळालं. दात-ओठ खात, छताकडे बघत, ते 'बरं वाटतंय' असं म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी कडी लावून त्यांनी टॉर्च घेतली. हो, तीच, नखांची. जे दिसलं त्यानं त्यांची पाचावर धारण बसली. सगळीकडे लाली, त्यावर पांढरट थर, आणि कातडीला बारीक चिरा. असल्या रोगांबद्दल साहेबांना जी काही माहिती होती ती कॉलेजात मित्रांनी कानात सांगितलेली, आणि त्या माहितीनुसार असलं काहीतरी फक्त बाहेरख्याली माणसांना होत असे. साहेबांनी जागच्या जागी आपल्या आयुष्याची उलटतपासणी घेतली. परस्त्री म्हणून त्यांच्या नावावर एकच बाई निघाली. बसला ब्रेक लागला तेव्हा चुकून त्यांचा धक्का लागलेली. तिचीही त्यांनी तिथल्या तिथे दोनदा माफी मागितली होती.

पण हे खरं मानणार कोण? चारचौघांचं जाऊ द्या, साहेबांना भीती होती ती एकाच माणसाची. ही बाई त्यांच्यावर विश्वास ठेवत आली होती. उशीर झाला तर कुठे होतात असं तिनं कधी विचारलं नव्हतं. तो विश्वास एका खाजेपायी जाईल, ती आपल्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागेल. त्यांनी ठरवून टाकलं, की काही झालं तरी तिला कळता कामा नये. त्या दिवसापासून ते पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. तीही तिच्या कडेला सरकली. साहेबांना वाटलं, हिला वास लागला.

समोरच्या दारात कंपाउंडरकाका राहत. सगळी हयात एका दवाखान्यात पुड्या बांधण्यात गेली होती आणि निवृत्तीनंतर ते आख्ख्या इमारतीला फुकट सल्ला देत. तेही ऐकणाऱ्याची इच्छा न विचारता. साहेबांनी जिन्यात त्यांना गाठलं.

"काका, खाजेवर काय चांगलं?"

"कुठली खाज?"

साहेबांनी झटकन वरचं काहीतरी निवडलं. "काखेतली."

"बघू."

"आता नको, घाईत आहे."

"अरे, काखेला काय मुहूर्त लागतो? काढ सदरा."

आणि भर जिन्यात, खालच्या मजल्यावरची बाई भाजीची पिशवी घेऊन वर येत असताना, साहेबांना सदऱ्याची बटणं काढून हात वर करून उभं राहावं लागलं. काकांनी चष्मा वर-खाली करून ती निरोगी, निष्पाप काख बराच वेळ तपासली.

"आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "सुरुवात आहे. वेळेत आलास."

साहेबांना नसलेल्या रोगाचं निदान ऐकून क्षणभर काखेचीही काळजी वाटून गेली. काकांनी घरातून अर्धी पिळलेली एक ट्यूब आणून दिली. "रामबाण आहे. कुठेही लाव."

कुठेही लाव म्हणाले म्हणून साहेबांनी लावली. खाज खरंच बंद झाली. साहेबांनी दोन दिवस छाती काढून नखं तपासली. तिसऱ्या दिवशी ती परत आली ती सगळं खटलं घेऊन आल्यासारखी. लाली दुप्पट, चिरा दुप्पट, आणि लघवीला गेलं की डोळ्यांपुढे काजवे. त्यातच काकांनी खिडकीतून मोठ्यानं विचारलं, "काय रे, काख काय म्हणते?" बायको तिथेच कपडे वाळत घालत होती. तिनं साहेबांकडे बघितलं. साहेब काख खाजवत आत गेले.

आता डॉक्टरांशिवाय गत्यंतर नव्हतं. साहेबांनी मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाचा त्वचारोगतज्ज्ञ शोधला, जिथे त्यांना कुणी ओळखणार नाही. डॉक्टर तरणाबांड होता, साहेबांच्या भाच्याच्या वयाचा. साहेबांनी आधी हवामानाबद्दल सांगितलं, मग काखेबद्दल सांगितलं, मग एका मित्राबद्दल सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. मित्राला पडद्यामागे घेऊन या."

पडद्यामागचा वेळ फार गेला नाही. डॉक्टरनं हातमोजे काढले.

"काही विशेष नाही. बुरशी आहे. यीस्टचा प्रकार. पुरुषांनाही होते, कुणालाही होते."

साहेबांना वाटलं, हा सगळ्यांनाच धीर द्यायला असं म्हणत असणार.

"काय लावत होतात?"

साहेबांनी साबण, जंतुनाशक आणि काकांची ट्यूब, सगळं कबूल केलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "अहो, ती ट्यूब म्हणजे बुरशीला खतपाणी. आणि साबणानं, जंतुनाशकानं तुम्ही कातडी सोलून तिला अंथरूण घालून दिलंत. ते सगळं फेकून द्या. नुसत्या पाण्यानं धुवायचं, हलक्या हातानं कोरडं करायचं, कारण घामानं ही वाढते, आणि मी देतो ते मलम सांगितलं तितके दिवस लावायचं. बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायचं नाही. रक्तातली साखर तपासून घ्या, कधीकधी तिच्यामुळेही होतं. काम काय करता?"

"पावाच्या कारखान्यात असतो."

डॉक्टर हसला. थट्टेचा मूड आला असावा. "म्हणजे यीस्टशी जुनीच ओळख! ही तुमच्या पावातल्या यीस्टची चुलत बहीण म्हणा ना."

डॉक्टर पुढे आणखी बरंच काही बोलला. बायकोबद्दलही काहीतरी म्हणाला. साहेबांच्या कानांवरून ते सगळं गेलं, कारण कान 'चुलत बहीण' याच शब्दावर बंद झाले होते. साहेब नुसते पावाच्या कारखान्यात नव्हते. साहेब मळलेल्या पिठाच्या त्या भल्यामोठ्या घमेल्यांच्या शेजारी दिवसभर उभे असत. आणि आता ते पावाचे शत्रू होते. दारावर त्यांच्याच शब्दांत, लाल रंगात, तसं लिहिलं होतं.

साखरेची तपासणी त्यांनी केली. ती ठीक निघाली, पण साहेबांना त्याचा आनंद झाला नाही. साखर नाही म्हणजे मग कारण दुसरंच काहीतरी असणार, आणि ते दुसरं कारण बायकोला काय वाटेल, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

कारखान्यात ते पिठापासून चार हात दूर उभे राहू लागले. लोकांना वाटलं, साहेब रागावलेत. ताजा पाव भाजून बाहेर येई, त्याचा खरपूस वास सुटे, आणि साहेबांच्या डोळ्यांपुढे गावातली शाळकरी मुलं, बाळंतिणी, म्हातारीकोतारी, सगळी पाव खाऊन खाजवत बसलेली दिसत. एकीकडे हा अपराध, दुसरीकडे अब्रू. शेवटी त्यांनी मधला रस्ता काढला. मधले रस्ते काढणाऱ्यांचं होतं तेच पुढे त्यांचं झालं.

कारखान्यात स्वच्छतेच्या एक अधिकारीबाई होत्या. उंच, करड्या केसांच्या, आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत डोळ्यांची पापणी न लववणाऱ्या. साहेब त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, समजा, नुसतं समजा हं, आपल्या विभागात एखाद्याला बुरशी झाली, तर पिठाला धोका आहे का?"

"कोणाला झालीय?"

"समजा म्हटलं."

"समजा कोणाला झालीय?"

"नाव घेणं बरं नाही. कुजबुज कानावर आली."

"अंगावर कुठे?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "झाकलेल्या जागी."

त्यांना वाटलं, बाई 'काळजी नको' म्हणतील आणि विषय संपेल. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखी जागरूक माणसं हवीत. उद्याच सगळ्यांची तपासणी लावते. हात, पाय, काखा. तुम्हीही उभे राहा माझ्याबरोबर."

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांना घाम फुटला होता, आणि घामानं काय होतं ते डॉक्टरनं सांगितलंच होतं.

दुसऱ्या दिवशीची तपासणी साहेबांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब. विभागातले सगळे पुरुष सदरे काढून भिंतीशी उभे. बाई एकेकाची काख बघतायत, बोटांच्या बेचक्या बघतायत. आणि शेजारी खरा गुन्हेगार हातात टॉर्च घेऊन उजेड दाखवतोय. खाज अशी उसळली होती, की साहेब एका जागी उभे राहून संथ नाचल्यासारखे हलत होते.

"तुम्हाला बरं वाटत नाही का?" बाईंनी विचारलं.

"पायाला मुंग्या."

सगळे तपासून झाले. राहिला मिक्सरवाला. त्यानं सदरा काढला नव्हता.

"मी नाही दाखवणार," तो म्हणाला.

"का?"

"मला काही झालेलं नाही. नखं रोज दाखवतो. हात बघा, पाय बघा. पण कुणीतरी कुजबुजलं म्हणून चारचौघांत उघडा होणार नाही. माणूस आहे मी, पावाचं पीठ नाही."

इतकं बोलताना त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. रांगेत चुळबुळ झाली. साहेबांना वाटलं, हा माणूस आपल्या मनातलंच बोलतोय, फक्त त्याला बोलायची हिंमत आहे. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण त्यातून खोकला निघाला.

"नियम सगळ्यांना सारखा," बाई म्हणाल्या. "दाखवायचं नसेल तर डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत घरी बसा." मग साहेबांकडे वळून, "नियम तुमचाच आहे ना?"

"हो," साहेब म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

मिक्सरवाल्यानं टोपी काढून खुंटीला लावली आणि तो गेला. झालं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं, की बुरशी त्यालाच आहे, नाहीतर लपवलं कशाला असतं? त्याचा डबा ठेवायच्या जागी कुणी डबा ठेवेना. भट्टीवाला म्हणाला, "मला आधीपासूनच संशय होता." आधीपासून म्हणजे कधीपासून, ते त्यानं सांगितलं नाही. कुणीतरी म्हणालं, की आता कायम व्हायचं विसराच.

त्याच्या जागी यंत्रावर जो बदली माणूस आला त्यानं पाणी जास्त गरम घातलं. यीस्ट मेली, पीठ फुगलं नाही, आणि पाव बाहेर आले ते विटांसारखे. लोक पाण्यावरून भांडत होते. साहेब एकटेच त्या विटांकडे भेदरून बघत होते. त्यांना पक्कं वाटत होतं, की चुलत बहिणीनं घरात शिरून सख्ख्या बहिणीचा गळा घोटला.

त्या संध्याकाळी साहेब मिक्सरवाल्याच्या गल्लीपर्यंत गेले. तो दारात पायरीवर बसला होता, हातावर हात ठेवून, रिकामा. कामाच्या वेळी त्याला असा बसलेला साहेबांनी कधी पाहिला नव्हता. साहेबांना भडभडून आलं. स्वतःची इतकी लाज त्यांना खाजेनंही वाटली नव्हती. ते कोपऱ्यावरून तसेच मागे फिरले, कारण त्याला एकट्यालाच गुपचूप सांगणं म्हणजे पुन्हा मधला रस्ता. बोभाटा सगळ्यांसमोर झाला होता.

सकाळी ते बाईंच्या खोलीत गेले नाहीत. रांग लागली, बाई आल्या, आणि साहेबांनी टॉर्च बंद केली.

"तो मी," ते म्हणाले.

"काय मी?" बाईंनी विचारलं.

"बुरशी. म्हणजे ज्याला झालीय तो. मिक्सरवाल्याला काही नाही. कुजबुज वगैरे काही नव्हती. मीच होतो."

भट्टीवाल्याचा जबडा खाली आला.

"कुठे झालीय?" बाईंनी विचारलं. सवयीनं विचारलं असणार. मग साहेबांच्या चेहऱ्याकडे आणि त्यांच्या हलक्या नाचाकडे बघून त्यांनाच उमगलं. "अच्छा. झाकलेल्या जागी."

"हो. आणि मी त्याच अवस्थेत इथे वावरलो. पिठाजवळ उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, ही पावातल्या यीस्टची चुलत बहीण आहे. आता गावभर..."

बाईंनी पापणी लववली. त्यांना ओळखणारे सांगतात, की असं क्वचित होतं. "साहेब, एक विचारते. तुम्ही पिठाला काय लावता?"

"हात."

"हात धुता?"

"सारखे धुतो."

"हातच ना? दुसरं काही नाही ना लावत?"

रांगेतून असा काही हशा फुटला, की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. साहेबांचे कान लाल झाले, नंतर मान, नंतर बहुतेक सगळेच.

"मग पावाला काही होत नाही," बाई पुढे म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज जरा मऊ होता. "चुलत बहीण असली तरी तिचं घर वेगळं, हिचं वेगळं. पाव खाऊन ती कुणाला होत नाही आणि ती पिठात जाऊन पाव बिघडवत नाही. औषध चालू आहे?"

"आहे."

"मग कामाला लागा. आणि ती दारावरची सूचना मी बदलून घेते. शत्रू वगैरे शब्द बघून कोण येऊन सांगणार आहे? तुम्ही स्वतः तरी आलात का?"

मिक्सरवाल्याला बोलवायला साहेब स्वतः गेले. पायरीखाली उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, कुठल्या जागी ते सुद्धा. तो ऐकत राहिला.

"एक दिवस आधी बोलला असतात तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "घरात सगळ्यांना वाटलं, खरंच काहीतरी आहे मला. बायकोनं ताट वेगळं वाढलं."

साहेब पायरी चढले. ते त्याच्या घरात गेले, त्याच्या बायकोसमोर उभे राहिले आणि तिलाही सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मिक्सरवाला पहिल्यांदाच हसला. नोकरीत तो ठरल्या दिवशी कायम झाला, आणि त्यानं त्यासाठी साहेबांचे आभार मानले नाहीत. साहेबांना ते बरोबरच वाटलं.

आता राहिलं घर. जी गोष्ट सगळ्या कारखान्याला आणि मिक्सरवाल्याच्या बायकोला कळली, ती आपल्या बायकोला संध्याकाळपर्यंत कळणारच. बाहेरून कळण्याआधी आपण सांगावं म्हणून साहेब जवळजवळ धावत निघाले. वाटेत त्यांनी वकिलासारखी मांडणी केली. आधी डॉक्टरचं म्हणणं, मग साखर, मग बसमधल्या बाईचा प्रसंग, तोही लपवायचा नाही.

बायको इस्त्री करत होती. साहेब स्टुलावर बसले, उठले, परत बसले.

"मला तुला काहीतरी सांगायचंय. शेवटपर्यंत ऐक. मधे बोलू नकोस. आणि बॅग भरू नकोस."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. साहेबांनी सगळं सांगितलं. खाज, जंतुनाशक, खोटी कंबर, खोटी काख, मित्राची थाप, चुलत बहीण, मिक्सरवाला, कबुतरं. बसमधली बाईही सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि जे येईल ते झेलायला तयार राहिले.

"मग?" बायको म्हणाली.

"मग काय? तुला काही वाटलं नाही? म्हणजे... मी बाहेर कुठे..."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे गदगदायला लागले, आणि ती जी हसत सुटली ती थांबेना. "तुम्ही? अहो, समोरच्या काकूंनी दारात 'कसे आहात' विचारलं तर उत्तर द्यायला मला हाक मारता तुम्ही!" तिनं त्यांच्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यानं डोळे पुसले. "तुम्ही आणि बाहेर!"

साहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. उतरला खरा, पण जाताना कुठेतरी बोचून गेला. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं? इतके दिवस ज्या संशयाच्या भीतीनं ते झुरले, तो संशय घेण्याच्याही लायकीचे ते नव्हते म्हणजे!

तोवर तिचं हसणं मधेच तुटलं. ती सदरा हातात घेऊन पलंगावर बसली आणि बघता बघता रडायला लागली.

"अगं, आता काय झालं?"

ती उठली, कपाटातल्या लोकरीच्या गुंड्यांच्या पिशवीत खोल हात घातला आणि एक ट्यूब काढून त्यांच्यापुढे धरली. साहेबांच्या खिशात होतं तेच मलम, तोच निळा पट्टा.

"दाढ दुखत होती तेव्हा त्या जंतू मारायच्या गोळ्या घेतल्या ना, त्यानंतर सुरू झालं मला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा गोळ्यांनी होतं कधीकधी. म्हणाल्या, नवऱ्याला खाज आहे का विचारा, असली तर दोघांनीही औषध घ्या, नाहीतर ती इकडून तिकडे फिरत राहते. कशी विचारणार मी? तुम्हाला वाटलं असतं, ही कुठून काय घेऊन आली. आणि मग तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि माझी किळस येतेय."

साहेबांनी खिशातली आपली ट्यूब काढून तिच्या ट्यूबशेजारी धरली. दोघं एकाच पलंगाच्या दोन कडांना, एकच खाज दाबून, श्वास रोखून पडत होती, आणि दोघांनाही वाटत होतं, की समोरच्याला कळलंय. त्यांना तिची इतकी दया आली, इतकं प्रेम आलं आणि इतका जीव हलका झाला, की ते तिच्याशेजारी बसले, तिचा हात धरला आणि म्हणाले, "वेडे, मी? तुझ्यावर संशय?"

आणि ती कल्पना डोळ्यांपुढे येताच त्यांना आवरलंच नाही. ते खदखदून हसले. पोट धरून हसले. "तू आणि बाहेर!"

बायकोचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि सरळ बसली.

"का?" तिनं विचारलं. "त्यात हसण्यासारखं काय आहे?"

साहेबांचं हसू अर्ध्यावर लटकलं.

"नाही, म्हणजे तसं नाही..."

"मग कसं? बोला ना. काय कमी आहे माझ्यात?"

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. बायको हाताची घडी घालून उत्तराची वाट बघत होती आणि तिला काही घाई नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच साहेबांची खाज कुठल्या कुठे पळाली, आणि ते त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.